जुलाब थांबले, पण पाय जड पडू लागले: जीबीएस घरी कसा ओळखायचा आणि मुंबईत पुढे काय करायचं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात पायांतलं बळ गेलेली माणसं एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागली आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं मुंबईतही घरोघरी पोहोचली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जिवाणू सापडला. फेब्रुवारीत मुंबईतही या आजाराने मृत्यू झाल्याची नोंद झाली. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर काही दिवस पनीर आणि चिकनवर बहिष्कार पडला, मग बातम्या थांबल्या आणि लोक विसरले.

आजार साथीवर अवलंबून नाही, हे तेव्हा फारसं कुणी सांगितलं नाही. गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हा नसांचा आजार जगभर दर लाख माणसांत वर्षाला एक ते दोन जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशोबाने या शहरात कुठलीही साथ नसताना दर वर्षी सव्वाशे ते अडीचशे घरांत हा प्रसंग येणार. त्यातल्या बऱ्याच घरांना आधी दोन-चार दिवस जुलाब होऊन गेलेले असतात आणि त्या जुलाबांचा पायांशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. खालचं सगळं त्या घरांसाठी आहे.

आत काय घडतं

कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहणारा जिवाणू आहे. कोंबडीला त्याचा त्रास नसतो. माणसाच्या पोटात गेला की दोन ते पाच दिवसांत ताप, पोटात मुरडा, जुलाब, कधी रक्त पडणं, असं सुरू होतं आणि बहुतेकांचं आठवड्याभरात आपोआप थांबतं. गोष्ट तिथे संपायला हवी.

पण या जिवाणूच्या काही जातींच्या पृष्ठभागावर साखर आणि स्निग्धाचे असे रेणू असतात की ते आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी मग नसांवरही जाऊन चिकटतात. नस म्हणजे वायर धरली, तर काही रुग्णांत वरचं आवरण सोललं जातं आणि काहींत आतली तारच दुखावते. कॅम्पिलोबॅक्टरनंतर हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. आवरण काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा तयार होतं. तार तुटली असेल तर ती पुन्हा वाढावी लागते, आणि तिचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पुढे बरं व्हायला किती काळ लागेल, हा प्रश्न याच फरकावर ठरतो.

म्हणजे पाय लुळे पडतात तेव्हा जिवाणूचं काम होऊन गेलेलं असतं. त्या वेळी अँटिबायोटिकने नसा सुधारत नाहीत. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. शेजाऱ्यांनी भेटायला यायला घाबरू नये.

आणि प्रमाण लक्षात ठेवा: कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या साधारण हजारात एकाला हे होतं. दर जुलाबामागे धसका घ्यायचं कारण नाही. चार आठवडे डोळे उघडे ठेवले तरी पुरे.

पहिलं काम: तारीख लिहून ठेवा

जुलाब सुरू झाले ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. बाहेरचं काय खाल्लं होतं, आणखी कुणाला त्रास झाला, कोणती औषधं घेतली, तेही दोन शब्दांत लिहा. हे फार क्षुल्लक वाटेल. पण तीन आठवड्यांनी कॅज्युअल्टीतला डॉक्टर ‘अलीकडे काही आजार?’ असं विचारतो तेव्हा बरेच लोक ‘नाही’ म्हणतात, कारण जुलाबाला आपण आजारात धरतच नाही.

नसांची लक्षणं जुलाबानंतर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतात. पोट पूर्ण बरं झालेलं असतं, माणूस कामावर जायला लागलेला असतो. सुरुवात अशी होते: दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या, तळवे जड, मग जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. मुंबईकराला हे सगळ्यात आधी रेल्वेच्या पुलावर कळतं. रोजचा पूल चढताना कठडा धरावासा वाटतो, लोकलच्या पायरीवर पाय नीट उचलत नाही, चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि लक्षातही येत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही. काहींना मुंग्यांच्याही आधी कंबरेत किंवा दोन खांद्यांच्या मधे चमक निघते आणि ते हाडांच्या डॉक्टरकडे जातात. लहान मुलं सांगत नाहीत. चालायला नकार देतात, पाय दुखतात म्हणून रडतात, कडेवर घ्या म्हणतात. सहा वर्षांचं मूल जुलाबानंतर पंधरा दिवसांनी अचानक कडेवर बसायला लागलं तर त्याला लाडावलं म्हणू नका.

ओळखीची खूण तीन गोष्टींची आहे. दोन्ही बाजूंना साधारण सारखंच, खालून वर चढत जाणारं आणि दिवसागणिक वाढणारं. काल पूल चढता आला, आज नाही, तर उद्याची वाट बघायची नाही.

घरच्या घरी कसं तपासाल

शंका आली की सकाळ-संध्याकाळ, शेजारी कुणीतरी धरायला उभं असताना, एवढं करून बघा आणि वेळेसकट लिहा.

१. बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठता येतं का.
२. चवड्यावर आणि मग टाचेवर चार पावलं टाकता येतात का.
३. दोन्ही हात डोक्यावर नेऊन केस विंचरता येतात का, शर्टाची बटणं लावता येतात का.
४. डोळे घट्ट मिटता येतात का, गाल फुगवता येतात का. दोन-दोन दिसतंय का.
५. घोटभर पाणी पिताना ठसका लागतो का, आवाज नाकातून येतो का.
६. पूर्ण श्वास घेऊन, तो न तोडता, मोठ्याने एक-दोन-तीन मोजत कुठवर जाता येतं. घाई करायची नाही, सेकंदाला दोन आकडे.

शेवटची चाचणी सगळ्यात मोलाची. निरोगी प्रौढ माणूस एका श्वासात चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. सकाळी पस्तीस आणि संध्याकाळी पंचवीस आले तर रात्र घरात काढू नका. वीसच्या आत आले तर ती आणीबाणी समजा.

इथे एक फसगत होते, ती सांगायलाच हवी. कोविडपासून मुंबईत जवळजवळ प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आहे. माणूस धापा टाकत असला की लोक तो बोटाला लावतात, ९७ दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. जीबीएसमध्ये फुफ्फुसं चांगली असतात, त्यांना चालवणारे स्नायू दमत जातात. म्हणून ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. या आजारात ऑक्सिमीटरच्या ९७ ला काडीची किंमत नाही. श्वासात मोजलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

ज्या गोष्टींशी गल्लत होते

जुलाबानंतरचा साधा थकवा सगळ्या अंगाला असतो, पण माणूस कंटाळत का होईना जिना चढतो, आणि दिवसागणिक बरा होत जातो. जुलाबात पोटॅशियम खूप घटलं तरी हातपाय लुळे पडतात. तेही धोक्याचं असतं, पण साध्या रक्ततपासणीत लगेच कळतं आणि दुरुस्त होतं. बी-१२ कमी असल्याने येणाऱ्या मुंग्या महिनोन्‌महिने हळूहळू वाढतात. सायटिका बहुधा एका पायात. अर्धांगवायू एका बाजूला आणि मिनिटांत. लघवी अचानक अडली आणि कंबरेखाली एका ठरावीक रेषेपासून बधिरपणा आला तर पाठीच्या कण्यात दाब असू शकतो. त्याचं ऑपरेशन तासांत करावं लागतं, म्हणून रुग्णालयात एमआरआय सांगितला तर ‘उगाच खर्च’ म्हणू नका.

यातला फरक तुम्ही घरी बसून सोडवायचा नाही. हे फक्त एवढ्यासाठी, की कुणी बी-१२ चं इंजेक्शन आणि एक सलाईन देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढलाच, तर पुन्हा त्याच दवाखान्यात जाऊ नका. या आजारात सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते अशक्तपणाच्या सलाइनवर आणि मालिशवर.

कुठे न्यायचं

निकष एकच: जिथे व्हेंटिलेटर असलेली अतिदक्षता विभागातली खाट आज रात्री मिळेल आणि मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर येऊ शकेल, तिथे. गल्लीतलं दहा खाटांचं नर्सिंग होम कितीही ओळखीचं असलं तरी नाही. पालिकेची केईएम, नायर, शीव आणि कूपर ही रुग्णालयं आणि सरकारचं जे.जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. तिथे गर्दी असेल, खाट मिळवायला झगडावं लागेल, पण हा आजार त्यांनी पाहिलेला असतो. खासगीत जाणार असाल तर निघण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारा: आयसीयूत व्हेंटिलेटर मोकळा आहे का, न्यूरोलॉजिस्ट आज बघेल का, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याची सोय आहे का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा नंबर फिरवा.

संध्याकाळी सातला दहिसरहून परळ गाठायचा हट्ट मात्र धरू नका. श्वास लागतोय किंवा गिळताना ठसका लागतोय, तर जवळचं आयसीयू आधी आणि मोठं रुग्णालय नंतर. १०८ ला फोन करताना ‘श्वासाचे स्नायू कमजोर होतायत’ असं स्पष्ट सांगा. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत रुग्णाला जिना उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून उचला. अर्ध्या जिन्यात गुडघे मोडून पडलेला माणूस दोन आजार घेऊन पोहोचतो.

सोबत घ्या: आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड, तुमची ती तारखांची नोंद आणि रुग्णाचं खरं वजन, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. केसपेपर काढून डॉक्टरसमोर गेल्यावर गोष्ट पहिल्यापासून सांगत बसू नका. एवढंच म्हणा: ‘अमुक तारखेला जुलाब झाले होते. तीन दिवसांपासून दोन्ही पायांतलं बळ जातंय, आज हातापर्यंत आलंय, एका श्वासात बावीसच मोजता येतात.’ हे ऐकून कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर हातोडी शोधतोच.

तपासण्या

हातोडीने गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडत नाही, हा बहुतेकांत पहिला पुरावा. मग रक्त, त्यात पोटॅशियम. नसांतून वीज कशी जाते ती तपासणी, आणि पाठीतून काढलेलं पाणी. या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळजवळ नेहमीइतक्याच, असं चित्र जीबीएसमध्ये दिसतं. १९१६ मध्ये गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून हेच टिपलं होतं. पण पहिल्या आठवड्यात नसांची आणि पाण्याची, दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नका. तो दिवसेंदिवस कमजोर होत असेल तर डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात आणि ते बरोबर असतं.

पाठीतलं पाणी काढलं की कंबर कायमची जाते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. सुई जिथे टोचतात त्याच्या बरंच वर कण्यातला मज्जारज्जू संपलेला असतो. काही दिवस डोकं दुखू शकतं, पण कंबर कायमची जात नाही.

रुग्ण पंधरा वर्षांच्या आतला असेल तर आरोग्य खात्याची माणसं येऊन शौचाचे दोन नमुने मागतील, चोवीस तासांच्या अंतराने. मुलाला अचानक आलेल्या प्रत्येक लुळेपणाची पोलिओ नाही ना, यासाठी अशी नोंद होते. घाबरू नका, नमुने द्या.

उपचार, आणि नातेवाइकांनी घ्यायचे निर्णय

उपयोग सिद्ध झालेले उपचार दोनच. पहिला आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून देणं. दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. दुसरा प्लाझ्मा बदलणं: यंत्रातून रक्त फिरवून त्यातला प्लाझ्मा काढायचा, दोन आठवड्यांत चार-पाच वेळा. परिणाम दोघांचा सारखाच. आयव्हीआयजी सोपं, पण खर्च लाखांत जातो. प्लाझ्मा बदलायला यंत्र आणि सरावाची माणसं लागतात आणि रक्तदाब वर-खाली होणाऱ्याला ते झेपत नाही. पैशांची ओढाताण असेल आणि रुग्णालयात प्लाझ्माची सोय असेल तर तो पर्याय कमी दर्जाचा समजून नाकारू नका. घाई मात्र हवी. दोन्हींचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त.

दोन्ही एकामागून एक दिल्याने जास्त फायदा होत नाही. स्टिरॉइडचा उपयोग नाही. आयव्हीआयजीचा पहिला कोर्स झाल्यावर ‘अजून उठत नाही, दुसरा कोर्स देऊ’ हा विचारही चाचण्यांत फोल ठरला आहे. त्यातून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. औषध सुरू झाल्यावर चार-सहा दिवस रुग्ण आणखी कमजोर होणं हे अपयशाचं लक्षण नाही. आजार तळाला जायला बहुतेकांना दोन आठवडे, काहींना चार लागतात. कर्ज काढून दुसऱ्यांदा बाटल्या आणण्याआधी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या.

बाटल्या बाहेरून आणायला सांगितल्या तर पक्कं बिल घ्या, बॅच नंबर जपा आणि थंड ठेवून आणा. अर्ध्या किमतीत देणारा ‘ओळखीचा माणूस’ कॉरिडॉरमध्ये भेटतोच. त्याच्यापासून लांब राहा.

व्हेंटिलेटरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सही करताना घरचे इथेच अडतात. कोविडमध्ये पाहिलेल्यामुळे आपल्या मनात व्हेंटिलेटर म्हणजे शेवट असं बसलंय. जीबीएसमध्ये दर चार-पाच रुग्णांत एकाला तो लागतो, आणि त्यातले बहुतेक जण घरी जातात. थकलेल्या स्नायूंना विश्रांती देणं एवढंच त्याचं काम. रुग्ण पूर्ण दमल्यावर मध्यरात्री धावपळीत नळी घालण्यापेक्षा दिवसाउजेडी, ठरवून घातलेली नळी कितीतरी सुरक्षित. डॉक्टर ‘आज घालूया’ म्हणाले तर ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणू नका. महिनाभर लागेल असं दिसलं तर गळ्याला छोटं छिद्र करतात, तेही नंतर बुजतं.

त्या खाटेवरचा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्याच्या उशाशी उभं राहून खर्चाचे आकडे आणि कोण किती देणार याच्या चर्चा करू नका. पुठ्ठ्यावर बाराखडी आणि नेहमीची वाक्यं लिहून न्या: ‘कूस बदला’, ‘पाय दुखतोय’, ‘कफ काढा’, ‘उजेड कमी करा’. एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा नाही. नर्सलाही शिकवा.

या काळात हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही लहरी वागतात. म्हणूनच पायांत थोडी हालचाल आल्यावर आयसीयूतून लवकर बाहेर काढा म्हणून मागे लागू नका. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीन ते सात असतं, आणि त्यातले काही मृत्यू अशा अचानक बिघाडानेच होतात.

पैसे

बाटल्या विकत आणण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसला कितीचं संरक्षण आहे आणि हे रुग्णालय योजनेत आहे का, हे तोच सांगेल. हेल्पलाइन १५५३८८. योजनेची मंजुरी नंतर मिळवणं अवघड जातं, म्हणून हे पहिल्याच दिवशी. पालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथली माणसं ट्रस्टांकडे कोणता अर्ज कसा करायचा ते सांगतात. धर्मादाय खासगी रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबईतली अनेक बडी रुग्णालयं यात मोडतात आणि तसा फलक दर्शनी भागात सहसा कुणाला दिसत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन स्वतः मागा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही त्याच कागदांवर होतो.

घरी आल्यावर

सहा महिन्यांत दहातले आठ रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. उरलेल्यांना वर्ष, कधी त्याहून जास्त. गुडघ्यापासून पावलापर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर, आणि नसेचा वेग दिवसाला एक मिलिमीटर. आतली तार दुखावली असेल तर पावलाला चारशे दिवस लागणं हे नेहमीच्या गतीतच बसतं. पाचव्या महिन्यात ‘आता जे आलंय तेवढंच’ म्हणून फिजिओथेरपी सोडू नका.

पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी कूस बदलायची, पाऊल खाली लोंबू नये म्हणून पट्टी बांधायची, प्रत्येक सांधा दिवसातून तीन-चारदा हलक्या हाताने हलवायचा. कढत तेलाची मालिश आणि गरम पाण्याची पिशवी नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. नंतर व्यायाम वाढवताना खूण अशी: दुसऱ्या दिवशी अंग जास्त ढिलं वाटलं तर काल जास्त झाला. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था पट्ट्या, कुबड्या आणि व्यायाम या सगळ्याची सरकारी सोय आहे. लांबून येणाऱ्यांना एकदा तरी तिथे जाणं परवडतं.

थकवा सगळ्यात शेवटपर्यंत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. माणूस नीट चालतो, म्हणून ऑफिस आणि घर दोन्ही त्याला बरा धरतात. डोंबिवली-सीएसएमटी उभ्याने प्रवास हा बऱ्या झालेल्या रुग्णालाही वर्षभर जड जातो. कामाची वेळ बदलून घ्या, आणि कमजोरी राहिलीच तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून लोकलच्या दिव्यांग डब्यातून जा. यात लाज कसली? हा आजार पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच.

पोटातून नसांकडे जाणारे बाकीचे रस्ते

थोडक्यात, कारण ते विरळ आहेत. जीबीएसचाच एक भाऊबंद डोळ्यांपासून सुरू होतो: दोन-दोन दिसणं, तोल जाणं, हातोडीला पाय न उडणं. तो सहसा सौम्य असतो, पण जागा रुग्णालयच.

बॉट्युलिझम हा उलटा, वरून खाली येतो. दूषित खाल्ल्यावर बहुधा बारा ते छत्तीस तासांत पापण्या पडतात, तोंड कोरडं पडतं, बोलणं अडखळतं, मग हात, मग श्वास. फुगलेला डबा उघडून चाखू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. बारशाला आजीने बोट लावलं तरीही. लिस्टेरिया हा अन्नातून येणारा जिवाणू म्हाताऱ्यांच्या मेंदूपर्यंत जातो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला गाठतो. गरोदरपणात न तापवलेल्या दुधाचं चीज टाळा. रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाला झटका आला, किंवा लघवी कमी होऊन ते गुंगीत गेलं, तर तेही आजच्या आज रुग्णालयात.

कधी कधी नसांना इजा करतं ते जुलाबावरचं औषध. जपानमध्ये क्लिओक्विनॉल या औषधाने हजारो लोकांची दृष्टी आणि पाय गेले आणि १९७० मध्ये तिथे त्याची विक्री थांबवली. हेच रसायन क्विनिओडोक्लोर या नावानेही असतं. घरातल्या औषधांच्या डब्यात जुलाबाची जुनी पाकिटं असतील तर मागचं नाव वाचा. मेट्रोनिडाझोलही आठवडेन्‌आठवडे घेतलं तर पायांत मुंग्या आणतं.

ओटा, सिंक आणि टाकी

शिळं अन्न वाईट आणि ताजं चांगलं, हा आपला ठाम हिशोब कॅम्पिलोबॅक्टरला लागू पडत नाही. तो तीस अंशांच्या खाली वाढतच नाही, त्यामुळे ओट्यावर राहिलेल्या भातात त्याची पैदास होत नाही. पण काही शे जिवाणूही माणसाला पाडायला पुरतात, आणि ते सकाळी समोर कापून घेतलेल्या ताज्या कोंबडीतून येतात. फ्रिजमध्ये तो मरत नाही, थंडीत निवांत टिकतो.

म्हणून धोका शिजलेल्या रश्श्यात नसतो. खदखदून उकळलेलं कोंबडीचं कालवण निर्धास्त खा. धोका असतो तो पिशवीतून गळणाऱ्या पाण्यात आणि नळाखाली खळखळून धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत. मुंबईतल्या ओट्यावर सिंकच्या शेजारीच पिण्याचं पिंप, काकडी, कोथिंबीर सगळं हाताच्या अंतरावर असतं. कोंबडी धुऊच नये, हा खरा सल्ला. पण तो आपल्या घरात कुणी ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा निदान असं करा: आधी कोशिंबीर कापून झाकून ठेवा, पिंप बाजूला सरकवा, कोंबडी खोल पातेल्यात घेऊन हळू पाणी ओता, पातेल्यातच हलवून काढा, ते पाणी थेट सिंकच्या जाळीत सोडा, मग सिंक, नळाची चावी आणि हात साबणाने धुवा. नळाची चावी सगळे विसरतात. हळद-मीठ चोळल्याने जिवाणू मरत नाही. तो मरतो मांस आतपर्यंत ७५ अंश तापल्यावर, म्हणजे हाडाजवळ गुलाबी उरलं नाही तेव्हा. तंदुरी आणि टिक्का म्हणूनच रश्श्यापेक्षा बेभरवशाचे.

बाजाराच्या पिशवीत चिकन नेहमी वेगळ्या डब्यात घ्या. दुकानदाराने ज्या हाताने कोंबडी सोलली त्याच हाताने सुट्टे पैसे दिले, तर तो हात तुमच्याही खिशात आला.

जुलाब लागले की ओआरएस आणि आराम. अँटिबायोटिक दुकानदाराला विचारून घेऊ नका. कॅम्पिलोबॅक्टर नेहमीच्या काही गोळ्यांना दाद देत नाही. ताप आणि रक्त असेल तर डॉक्टरकडे जा आणि शौचाच्या कल्चरबद्दल विचारा, तेही औषध सुरू करण्याआधी. साध्या स्टूल रुटीनमध्ये हा जिवाणू दिसत नाही. त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंशांवर वाढवावं लागतं, म्हणून प्रयोगशाळेला त्याचं नाव घेऊन सांगावं लागतं.

आता पाणी. पालिकेचं पाणी मुख्यतः भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघतं. गडबड होते ती वाटेतल्या फुटक्या जलवाहिनीत आणि इमारतीच्या टाकीत. पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं, उरलेल्या वेळी रिकाम्या नळीत बाहेरचं गटार ओढलं जातं. नळ सुटल्यावरची पहिली काही मिनिटं पाणी वाहू द्या, वास किंवा गढूळपणा असेल तर भरू नका. पावसाळ्यात आणि टँकरचं असेल तेव्हा खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवा. सोसायटीची जमिनीखालची टाकी कधी धुतली, हे सेक्रेटरीला तारखेसकट विचारा, आणि तिचं झाकण गटाराच्या चेंबरला खेटून आहे का ते स्वतः वाकून बघा. दोन-तीन घरांत एकाच आठवड्यात जुलाब झाले तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि वॉर्डच्या जलखात्याला इमारतीतून नमुना घ्यायला लावा. नमुना टाकीतून आणि टाकीत पाणी येण्याआधीच्या नळातून, दोन्हीकडून घ्यायला सांगा. नाहीतर दोष पालिकेच्या नळीचा की सोसायटीच्या टाकीचा, यावरच महिना जातो.